गिरणीतल्या पूर्वजाचे नाव

गेल्या आषाढातली गोष्ट. दुपारपासून पावसाने झोड उठवली होती, कसाऱ्याची लोकल उशिराने धावत होती, आणि दिवेलागणीच्या सुमारास एक तिशीतला तरुण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद छातीशी धरून माझ्या दारात उभा राहिला. आटगावच्या आसपासच्या एका पाड्यावरचा हा मुलगा. तो आमच्या धर्मग्रामाचा नव्हे. परंतु इंग्रजी कागद वाचून देणारा माणूस जवळपास कोण, या प्रश्नाला आमच्याकडे अजूनही ‘फादर’ हेच उत्तर मिळते. त्याचे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्याच्या योजनेत घरच्यांनी केव्हाच अर्ज करून ठेवलेला होता. आता कागदांची छाननी होती. कागद माझ्यासमोर पसरून तो म्हणाला, ‘‘फादर, एवढंच वाचून सांगा, हा माणूस माझाच आजोबा ना?’’

कागद पाच-सहाच होते. कामगार विम्याचे पिवळे पडलेले कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची एक चिठ्ठी, एक बदली पास, आणि मनीऑर्डरीच्या कूपनांचा दोऱ्याने बांधलेला लहानसा गठ्ठा. एका कागदावर आजोबांचे नाव व त्यांच्या वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते. दुसऱ्यावर आडनावाच्या जागी गावाचे नाव बसवलेले. तिसऱ्यावर नुसती इंग्रजी आद्याक्षरे आणि तिकीट नंबर. वयाचा मेळ तर कुठेच बसत नव्हता. दोन कागदांत सहा वर्षांचे अंतर. जॉबरने भरतीच्या दिवशी कारकुनाला जे सांगितले ते कारकुनाने लिहिले असणार, आणि पुढच्या कारकुनाने त्याला जे ऐकू आले ते.

धर्मगुरूला हे दृश्य नवे नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एखादे अक्षर चुकले की पुढे विवाहाच्या वेळी त्या अक्षराची किंमत मोजावी लागते, हे आम्ही नित्य पाहतो. तरीही त्या संध्याकाळी मला जे आठवले ते आमचे दप्तर नव्हते. सेमिनरीत असताना समाजशास्त्राच्या तासासाठी चाळलेला आणि पुढे हौसेने पुन्हा वाचलेला एक ग्रंथ आठवला, आणि त्याच्या मागोमाग मराठीतली काही पुस्तके. पूर्वज शोधणे हे अखेरीस वाचण्याचे काम आहे: कोणत्या कागदावर किती विश्वास ठेवावा, लिहिणारा कोण, लिहवून घेणारा कोण, काय गाळले गेले. समीक्षाही याहून वेगळे काही करीत नाही. म्हणून गिरणीत गेलेल्या पूर्वजाला आपल्या साहित्याने कसे वाचले, याची थोडी चौकशी येथे करावी असे वाटते. आणि तुलनेसाठी दूरच्या पोलंडमधून निघून अमेरिकेतल्या गिरण्यांत शिरलेला शेतकरी घ्यावा, कारण त्याच्यावर जितके कागद जमले आहेत तितके क्वचितच कोणत्या स्थलांतरितावर जमले असतील.

पोलिश माणूस महाराष्ट्राला अगदीच परका नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते; सोव्हिएत सत्तेने सायबेरियाकडे हाकलून दिलेली आणि इराणमार्गे इकडे पोचलेली ही माणसे, त्यांत बायका-मुलेच अधिक. त्यांची मुले-नातवंडे पुढे कोल्हापूरला येत राहिली आणि २०१९ मध्ये वळिवड्यात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभही उभा राहिला. परंतु मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते त्यांच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांचे लोक. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या चार-पाच दशकांत लाखो पोलिश शेतकरी जमिनीच्या तुकड्यावर भागेना म्हणून बोटीत बसले. काही शिकागोच्या कत्तलखान्यांत गेले, काही पेनसिल्व्हेनियाच्या खाणींत, आणि बरेचसे मॅसॅच्युसेट्सच्या कापडगिरण्यांत: लॉवेल, लॉरेन्स, चिकोपी, न्यू बेडफर्ड. चिकोपीला सेंट स्टॅनिस्लॉसचा पोलिश धर्मग्राम १८९१ मध्येच स्थापन झाला होता. गिरणीचा भोंगा आणि चर्चची घंटा यांच्यामध्ये त्या माणसांचा दिवस संपे.

आज त्यांचा नातू शोधाला निघतो तेव्हा त्याची पहिली अडचण अशी की आजोबा ज्या देशातून आला तो देशच त्या काळी नकाशावर नव्हता. पोलंडचे लचके रशिया, प्रशिया व ऑस्ट्रियाने अठराव्या शतकाअखेरीस तोडून घेतले होते आणि ते राष्ट्र पुन्हा उभे राहिले १९१८ मध्ये. त्यामुळे अमेरिकेच्या कागदांत एकच पोलिश माणूस कुठे रशियन, कुठे ऑस्ट्रियन म्हणून भेटतो. मूळ गावच्या चर्चचे दप्तर पाहावे तर रशियाच्या ताब्यातल्या भागात १८६८ नंतरच्या नोंदी रशियन लिपीत, आणि ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिसियात लॅटिनमध्ये. (आमच्या वेळी सेमिनरीत लॅटिन जेमतेम उरले होते, तरी बाप्तिस्म्याच्या नोंदीपुरते ते पुरते, आणि असल्या नोंदींची छायाचित्रे पाहताना परक्या देशात ओळखीचे कुणी भेटावे तसे वाटते.) नावांचे म्हणाल तर एक दंतकथा सर्वत्र सांगितली जाते की एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी लोकांची नावे बदलली. अभ्यासक आता हे मानीत नाहीत. प्रवाशांची यादी बोट सुटताना हँबर्ग-ब्रेमेनलाच तयार होई आणि बेटावरचे कारकून तीच समोर ठेवून माणसे तपासत. नाव बदलले ते पुढे, गिरणीच्या हजेरीत, शाळेत, दुकानाच्या उधारीच्या वहीत. आणि पुष्कळदा माणसाने ते स्वतःच बदलले. कुणीतरी आपले नाव हिरावून घेतले ही कथा नातवाला सोसते, आजोबाने ते आपणच खाली ठेवले ही सोसत नाही.

१९१२ च्या जानेवारीत लॉरेन्सला जो प्रसिद्ध संप झाला त्याची सुरुवात पोलिश बायकांनी केली. कायद्याने आठवड्याचे तास छप्पनचे चोपन्न झाले, आणि मालकांनी त्या प्रमाणात पगार कापला. ११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश विणकर बायकांनी पाकीट उघडले तर सुमारे बत्तीस सेंट कमी. त्यांनी माग थांबवले आणि त्या बाहेर पडल्या. हा प्रसंग त्या संपावरच्या बहुतेक पुस्तकांत आहे. मात्र त्या बायका ‘पोलिश बायका’ म्हणूनच येतात आणि तशाच जातात. इतिहासाने त्यांचे राष्ट्र नोंदवले आणि नाव नोंदवले नाही. मुंबईच्या संपांचा इतिहास वाचताना आपल्याला हेच वारंवार जाणवेल.

आता त्या ग्रंथाकडे वळू. विल्यम थॉमस हे शिकागोचे समाजशास्त्रज्ञ आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की हे वॉर्सात स्थलांतरितांच्या साहाय्यसंस्थेत काम केलेले तत्त्वज्ञ. दोघांनी मिळून १९१८ ते १९२० या काळात ‘द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका’ हा ग्रंथ पाच खंडांत प्रसिद्ध केला. असे सांगतात की शिकागोच्या पोलिश वस्तीतून जात असताना थॉमस यांच्या पायाशी वरच्या खिडकीतून कचऱ्याचे पुडके पडले आणि त्यात एक पत्र निघाले. गोष्ट खरी असो वा नसो, पुढे त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अशी पत्रे पैसे देऊन विकत घेतली, आणि कुटुंबाकुटुंबाने लावून ती शेकड्यांनी छापली. शेतकऱ्याचे पत्र हे ज्ञानाचे साधन मानणारा हा पहिला मोठा ग्रंथ.

या पत्रांना संपादकांनी जे नाव दिले त्याचे मराठीत ‘नमस्कारपत्र’ असे करता येईल. पत्राची सुरुवात येशू ख्रिस्ताच्या स्तुतीने होते, आणि वाचणाराही मनातल्या मनात त्याचे ठरलेले उत्तर देईल असे गृहीत धरलेले असते. मग आपण सुखरूप आहोत, तुम्हीही तसेच असाल ही आशा. आणि अखेरीस आई-बाप, भावंडे, मामा, आत्या, शेजारी, एकेकाला नावानिशी नमस्कार. मधे कुठेतरी दोन ओळींत खरी बातमी: गाय मेली, बहिणीचे ठरले, पैसे पोचले नाहीत. शहरी वाचकाला ही पत्रे कंटाळवाणी वाटतात. थॉमस-झ्नानिएत्स्की यांचे मोठेपण असे की त्यांनी हा साचाच पत्राचा आशय आहे हे ओळखले. कुटुंब तुटलेले नाही एवढेच सांगण्यासाठी ते पत्र निघालेले असते. एखाद्याचा नमस्कार राहून गेला तर पुढच्या पत्रात रुसवा येतो.

आपल्या वाचकांस हे सांगण्याचे कारण उघड आहे. ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’ यांनी सुरू होणारे, इकडील सर्व क्षेम सांगणारे, तिकडील खुशाली विचारणारे आणि शेवटी लहानथोरांस नावानिशी नमस्कार-आशीर्वाद पोचवणारे पत्र आपल्या पिढीने पाहिलेले आहे. लालबाग-परळच्या चाळीत एखादा चार बुके शिकलेला गाववाला ही पत्रे सगळ्या गाळ्याच्या वतीने लिही. लिहिणारा एक, सांगणारे दहा. त्यामुळे दहा घरी पोचलेला मजकूर जवळजवळ एकच. आपण या साच्याला रटाळ म्हणून हसलो आणि पत्रे चुलीत घातली. पोलिश शेतकऱ्याची कचऱ्यातली पत्रे ग्रंथात गेली. आपली ग्रंथात जाण्याजोगी पत्रे कचऱ्यात गेली. हा केवळ योगायोग नाही. आपल्याकडे पत्र वाङ्मयात गणले गेले ते पुढाऱ्याचे, साहित्यिकाचे, फार तर इतिहासपुरुषाचे. साचेवाल्याचे पत्र हेही लेखन आहे असे म्हणणारा कुणी निघाला नाही.

तथापि या ग्रंथाची भक्तीही करू नये. १९३९ मध्ये हर्बर्ट ब्लूमर यांनी त्याची जी परखड चिकित्सा केली ती आजही वाचण्यासारखी आहे. पत्रे एकीकडे आणि त्यांवरून काढलेले सिद्धांत दुसरीकडे राहतात, पत्रांनी सिद्धांत सिद्ध होत नाहीत, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. मला आणखी एक उणीव बोचते. या संग्रहातली बहुतेक पत्रे पोलंडातून अमेरिकेला आलेली आहेत. कारण थॉमस यांना ती अमेरिकेत, ज्यांना आली त्यांच्याकडून मिळाली. म्हणजे जो गेला त्याचे अक्षर तिथे फारसे नाही. गिरणीत उभा असलेला माणूस पत्र वाचताना दिसतो, लिहिताना दिसत नाही. तिसऱ्या खंडात व्लाडेक नावाच्या एका स्थलांतरिताचे पैसे देऊन लिहवून घेतलेले दीर्घ आत्मचरित्र आहे, त्याने ती भूक थोडी भागते. पण तो पेशाने बेकरीवाला आणि स्वभावाने बोलघेवडा, त्याच्या कहाणीवरून शेजारच्या मुखदुर्बळ कामगाराचे अनुमान करता येत नाही.

गेलेल्यांची पत्रे सापडली ती निराळ्याच रीतीने. १८९०-९१ मध्ये ब्राझील व अमेरिकेहून घरी धाडलेली कितीतरी पत्रे झारच्या सेन्सॉरने वाटेतच अडवून ठेवली. लोकांनी देश सोडून जाऊ नये हा हेतू. ती वॉर्साच्या दप्तरखान्यात पडून राहिली, त्यांतली बरीचशी दुसऱ्या महायुद्धात वॉर्साबरोबर जळाली, आणि जी उरली ती इतिहासकार विटोल्ड कुला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. साडेतीनशेहून अधिक पत्रे. कुणी बायकोला बोटीच्या तिकिटाविषयी लिहितो, वाटेत काय बरोबर घ्यावे, कुठे गाडी बदलावी, कुणावर विश्वास ठेवू नये हे बारकाईने सांगतो. हे वाचताना मन विलक्षण अस्वस्थ होते. बायकोने त्या पत्राची वाट पाहिली असेल, नवरा विसरला असे धरले असेल. आणि ज्यांना पत्र पोचले त्यांच्या घरी आज काही उरलेले नाही, जिला पोचले नाही तिच्या नवऱ्याचे अक्षर मात्र आपण वाचतो. वाचक म्हणून आपल्याला लाभलेली ही संपत्ती कुणाच्या तरी घरातून चोरलेली आहे, हे विसरून ती पाने उलटता येत नाहीत.

पत्रांवरून ललित वाङ्मयाकडे आलो की एक चमत्कार दिसतो. पोलिश भाषेतली गिरणीशहराची सर्वश्रेष्ठ कादंबरी रेमाँट यांची, १८९९ सालची, लोज या शहरावरची. नावाचा अर्थ ‘वचनदत्त भूमी’. रेमाँट यांना १९२४ मध्ये नोबेल मिळाले ते शेतकऱ्यांवरच्या त्यांच्या चार भागांच्या कादंबरीसाठी, परंतु लोजचा धूर, मागांची घरघर, आगी, दिवाळखोऱ्या यांचे या कादंबरीतले चित्रण त्याहून तिळभर कमी नाही. स्वतः लेखक रेल्वेत हलक्या नोकऱ्या करून वर आलेला. आणि तरीही कादंबरीचे नायक कोण? एक पोलिश, एक जर्मन, एक ज्यू असे तीन मित्र, ज्यांना स्वतःची गिरणी काढायची आहे. कामगार येतो तो यंत्रात सापडल्यावर. ज्यू पात्रांच्या चित्रणात त्या काळचा द्वेषही शिरला आहे आणि तो लपत नाही. ज्याच्या आजोबाने लोजच्या गिरणीत जन्म काढला त्याला या थोर पुस्तकात आजोबा सापडणार नाही. ज्या धुरात तो वावरला तो धूर तेवढा सापडेल.

मराठीत काय आहे? मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. गिरणगाव वसले ते मुख्यतः रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसांनी. शहापूर-मुरबाडचा वाटा त्या मानाने लहान. आमच्याकडून मुंबईला आधी गेले ते पाणी. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि आटगावच्या आडरानातला पाऊस चाळीच्या नळाला येऊ लागला. माणसे रेल्वेने मागाहून गेली. तेव्हा मराठी कादंबरीने या माणसाकडे वळायला फार उशीर केला हे आधी कबूल करू. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही १९३३ सालची. १९२८ चा सहा महिन्यांचा संप होऊन गेल्यानंतरची. वरेरकरांनी मध्यमवर्गीय दिवाणखान्यातून कादंबरी बाहेर काढून गिरणीच्या दाराशी आणली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्यांचा कामगार बोलायला उभा राहिला की सभेत बोलतो. घरात तो कसा गप्प बसत असेल याची लेखकाला उत्सुकता नाही.

अण्णा भाऊ साठे यांचे तसे नाही. वाटेगावहून मुंबईपर्यंतचा रस्ता ते घरच्यांबरोबर पायी चालून आले होते आणि त्यांना विरहाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. गावी राहिलेल्या कारभारणीवरची त्यांची छक्कड आजही ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. मात्र रचना पुढे सरकते तशी ती स्त्री मोठी होत होत महाराष्ट्राचा तुटलेला भाग होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला ते हवेच होते. मी एवढेच म्हणतो की त्या उंचीवर पोचल्यावर ती कुणा एकाची बायको राहत नाही. आपल्या गिरणी-वाङ्मयात हे पुनःपुन्हा घडलेले आहे. माणूस आला की लगेच तो कशाचा तरी प्रतिनिधी होतो.

याला मोठा अपवाद नारायण सुर्वे यांचा, आणि तो अपवाद ज्या कारणाने घडला ते कारण माझ्या विषयाच्या गाभ्याचे आहे. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर टाकून दिलेले एक मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. त्यांची पत्नी काशीबाई, तीही गिरणीत कामाला जाणारी. त्यांनी त्या मुलाला नाव दिले, आडनाव दिले, शाळेत घातले. पुढे गंगाराम नोकरीतून सुटून कोकणात आपल्या गावी गेले आणि कोवळ्या वयाचा नारायण मुंबईत एकटा राहिला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आला, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०१० मध्ये ते वारले. हा सगळा तपशील सर्वांना ठाऊक आहे. समीक्षकांनी त्यावरून सुर्व्यांना कामगारवर्गाचा कवी ठरवले, आणि ते योग्यच आहे. पण वंशावळ काढायला बसलेल्या माणसाने सुर्व्यांकडे पाहावे. पहिल्याच पायरीवर त्याची वही बंद पडते. रक्ताच्या बाजूने काहीही सापडत नाही. सापडतो तो एक साधा गिरणी कामगार, ज्याने रस्त्यावरच्या मुलाला आपले नाव लावले.

सुर्व्यांच्या कवितेत कागदावरच्या नावाविषयी जी तीव्र जाणीव आहे तिचे मूळ मला इथे दिसते. त्यांची एक कविता आहे: देहविक्रय करणारी आई मुलाला शाळेत घालायला येते, आणि बापाच्या नावाचा रकाना आला की मास्तरांनाच त्यांचे स्वतःचे नाव घालायला सांगते. या कवितेवर लिहिताना बहुधा समाजाच्या ढोंगाविषयी लिहिले जाते. मला तिच्यात आणखी काही ऐकू येते. त्या बाईला रकाना रिकामा सोडायचा नाही. नाव खरे असण्यापेक्षा ते कुणीतरी देणे महत्त्वाचे, हे तिला शाळेच्या नियमांहून अधिक कळते. मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण दर वर्षी नाताळाच्या सुमारास वाचतो. बेचाळीस पिढ्यांची ती लांबलचक माळ अखेर योसेफापर्यंत येते, आणि तिथे नेहमीचे क्रियापद थांबते; योसेफ मरियेचा पती एवढेच म्हटले जाते. मुलाला नाव मात्र योसेफानेच द्यायचे असते, आणि त्या नाव देण्यानेच मूल दाविदाच्या कुळात बसते. योसेफ सुतार होता, हाताने काम करणारा. गंगाराम सुर्व्यांचे एका पोराला शाळेत घालणे मला त्याच ओळीतले वाटते, आणि हे म्हणताना मी कवीला ख्रिस्ती करू पाहतो आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

सुर्व्यांनंतर विस्ताराने बोलण्याजोगे एकच पुस्तक मला दिसते, आणि ते ललित नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला; तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या दोन दशकांनंतर मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा केला. २००४ मध्ये तो इंग्रजीत आला आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने मराठीत. खानावळवाल्या बाया, शाहीर, कार्यकर्ते, बदली कामगार आपापल्या बोलीत बोलतात आणि संपादक मधे पडत नाहीत. पोलिश ग्रंथाने पत्रांना जी वागणूक दिली ती इथे बोलण्याला मिळाली आहे. उणीव सांगायची तर बोलणारे बहुधा चळवळीशी जोडलेले आहेत. बोलायची सवय ज्यांना होती तेच बोलले. जो संपात गावी परतला, लावणी-कापणीला लागला आणि गिरणीचे नाव पुन्हा तोंडात आणले नाही, त्याच्यापर्यंत ध्वनिमुद्रक पोचलेला नाही. राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या इतिहासग्रंथांत दाखवून दिले की गावचा जमिनीचा तुकडा हे गिरणी कामगाराचे मागासलेपण नसून त्याच्या तगून राहण्याचा आधार होता. संपात टिकायचे बळही तिथूनच येई. मग गावात परतलेल्या त्या मुक्या माणसाशिवाय गिरणगावाची कथा पुरी कशी होणार? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९९७ मध्ये संपानंतरच्या घराचे दार उघडले, पण तेही मुंबईतल्या चाळीतले दार. गावाकडचे अजून बंदच आहे.

आज ते दार ठोठावले जाते आहे ते वेगळ्याच कारणाने. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो पटावर होता त्याला किंवा त्याच्या वारसाला घरासाठी अर्ज करता येतो. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज त्याच्या कितीतरी पट, लाखाच्या वर. म्हणजे महाराष्ट्रातल्या लाखावर कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत ट्रंका उपसल्या आणि आजोबाचा कागद शोधला. मॅसॅच्युसेट्समधला नातू ज्या हौसेने आजोबा शोधतो ती चैन यांना नाही; इथे आजोबा सिद्ध करावा लागतो. या ट्रंकांतून काय काय निघाले असेल याची कल्पना करून मी हळहळतो. जे कागद छाननीला चालतात ते जपले जातील. जे चालत नाहीत त्यांचे पुन्हा चुलीचेच दैव.

त्या संध्याकाळी कंदील जवळ ओढून आम्ही कागद जुळवायला बसलो, कारण वीज गेली होती. नावाने काही जुळेना. मग ध्यानात आले की विमा कार्डावरचा आणि बदली पासावरचा तिकीट नंबर एकच आहे, आणि निधीच्या चिठ्ठीवर तोच नंबर कोपऱ्यात पेन्सिलीने टिपलेला आहे. गिरणीचे नाव एक, खाते एक. चिठ्ठीवरची तारीख १९८२ च्या पुढची. मी कोऱ्या कागदावर हे सर्व क्रमाने लिहून दिले, तीन ठिकाणची तीन नावे एकाखाली एक मांडली, आणि हे एकाच माणसाचे असावेत असे मला का वाटते ते नंबरासह नोंदवले. माझ्या सहीला तिथे काही किंमत नाही हेही त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘‘असू दे फादर, साहेबाला समजावताना मला पाठ राहील.’’

निघताना त्याने कूपनांचा गठ्ठा पुढे केला. हे मराठीच होते, पण अक्षर लावता येत नव्हते त्याला. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली जी चिमूटभर जागा मजकुरासाठी असे तिच्यात बसेल एवढाच प्रत्येकावर मजकूर, आणि अक्षर निदान चार वेगवेगळ्या हातांचे. आजोबा कुणाकुणाकडून लिहवून घेत असणार. बहुतेकांवर रक्कम, खुशाली आणि वडील माणसांना नमस्कार. एकावर मात्र पावसाआधी घर शाकारून झाले का, आणि पडवीकडची बाजू आधी घ्यावी, अशी दोन वाक्ये होती. मी वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘‘ती पडवी अजून गळते.’’ मग विचारले, हे कागद तिकडे लागणार नाहीत ना? मी नाही म्हणालो. त्याने ती कूपने वेगळी काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, बाकीचे कागद पिशवीत बांधले, आणि साडेआठची गाडी मिळते का पाहतो म्हणून पावसात निघाला.